31 मार्चची मुदत आणि नागपूर कौन्सिलचा नकार : 1924

राज्यकारभाराला लागणारा पैसा दरवर्षी ठरावीक तारखेच्या आत मंजूर झालाच पाहिजे असे बंधन असावे काय, आणि ती तारीख चुकली तर भुर्दंड कोणी सोसावा, या प्रश्नाचा निकाल काही देशांत मतदार थेट मतपेटीतून देतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 2 नोव्हेंबर 2010 रोजी मतदारांनी संमत केलेल्या ‘प्रपोझिशन 25’ या प्रस्तावाने अर्थसंकल्पासाठी लागणारी दोनतृतीयांश मतांची अट काढून साधे बहुमत पुरेसे ठरविले, आणि 15 जूनची मुदत टळल्यास जितके दिवस उशीर होईल तितक्या दिवसांच्या वेतनाला आमदारांना कायमचे मुकावे लागेल, अशी तरतूद केली. भारतीय राज्यघटनेत अशा थेट जनमताला जागा नाही; येथे मतदार प्रतिनिधी निवडतो आणि अर्थसंकल्पाचा निर्णय प्रतिनिधी करतात. तरीही आजचा गोंदिया जिल्हा ज्या भंडारा जिल्ह्यातून 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, तो जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता, त्या प्रांताच्या इतिहासात अशी एक निवडणूक होऊन गेली की जिच्यात मतदारांनी सरकारचा पैसा अडवू पाहणारा पक्ष जाणूनबुजून निवडून दिला, आणि त्या पक्षाने नागपूरच्या कायदेमंडळात, आर्थिक वर्ष संपण्यास थोडे दिवस उरले असताना, अर्थसंकल्पच नाकारला. हा प्रसंग 1924 च्या मार्च महिन्यातला आहे आणि विदर्भाच्या राजकीय इतिहासात त्याची जेवढी दखल घेतली जावयास हवी होती तेवढी घेतली गेलेली नाही.

31 मार्च ही तारीख मुळात इंग्रजी अमदानीची देणगी आहे. भारताचा पहिला अर्थसंकल्प जेम्स विल्सन यांनी 1860 मध्ये मांडला, तेव्हा सरकारी वर्ष 1 मे ते 30 एप्रिल असे धरले जात असे. 1867 पासून ते 1 एप्रिल ते 31 मार्च असे झाले आणि आजतागायत तसेच चालू आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्याला हे वर्ष फारसे परके वाटण्याचे कारण नव्हते. धानाची कापणी व मळणी हिवाळ्यात उरकत असे, त्यानंतर सारावसुली होई, आणि पुढच्या पावसाळ्याआधी तळ्यांची पाळ, पाट व तोंडे दुरुस्त करून घेण्याची घाई असे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी बहाल करण्यात आली. कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधली गेलेली शेकडो तळी याच मालगुजारांच्या ताब्यात राहिली; आज सरकारदरबारी त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. सारा, जंगल आणि पाणी या तीन गोष्टींवर या भागातील कुटुंबाचे वर्ष अवलंबून असे, आणि या तिन्हींचा हिशेब नागपूरच्या सचिवालयात होत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गाला जबलपूरकडून येणारी सातपुड्याची अरुंद मार्गिका गोंदियाला येऊन मिळाली आणि तांदूळ, लाख व विडी यांच्या व्यापाराने गाव झपाट्याने वाढले. तथापि जिल्ह्याचे ठाणे भंडारा आणि पैशाचे ठाणे नागपूर, ही स्थिती तशीच राहिली.

या पैशावर लोकप्रतिनिधींना प्रथमच मत देण्याचा अधिकार मिळाला तो 1919 च्या भारत सरकार कायद्याने. या कायद्याने प्रांतांत जी पद्धती आणली तिला द्विदल राज्यपद्धती म्हणतात. तिच्यात सरकारी खात्यांचे दोन भाग पाडले होते. शिक्षण, स्थानिक स्वराज्य, सार्वजनिक आरोग्य, शेती, सहकार, अबकारी इत्यादी खाती निवडून आलेल्या सभासदांपैकी नेमलेल्या मंत्र्यांकडे सोपविलेली असत म्हणून ती ‘सोपीव खाती’. आणि जमीनमहसूल, पोलीस, न्याय, तुरुंग, पाटबंधारे, दुष्काळनिवारण व मध्य प्रांतात जंगलही गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवलेली असत म्हणून ती ‘राखीव खाती’. भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने या वाटणीचा अर्थ असा होता की गावातली शाळा व दवाखाना लोकांच्या मंत्र्याकडे आला, परंतु सारा, जंगल आणि तळ्याचे पाणी मात्र साहेबाकडेच राहिले. त्यातही मंत्र्यांच्या हाती येणारा पैसा अपुरा असे, कारण मेस्टन समितीच्या निवाड्याप्रमाणे मध्य प्रांत व वऱ्हाडाला दरसाल 22 लाख रुपये वर्गणी म्हणून हिंदुस्थान सरकारला द्यावे लागत आणि उरलेल्या रकमेतून प्रथम राखीव खात्यांची सोय लावली जाई.

खर्चाची मंजुरी कशी होत असे हे समजून घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही. प्रत्येक खात्याचा खर्च ‘अनुदानाची मागणी’ म्हणून कायदेमंडळापुढे, म्हणजे कौन्सिलपुढे, येई आणि कायदेमंडळाला ती मान्य करण्याचा, कमी करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार असे. रक्कम वाढविण्याचा अधिकार मात्र नसे. कर्जावरील व्याज, वर उल्लेखिलेली वर्गणी आणि भारतमंत्र्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार यांवर तर मतदानच होत नसे. याखेरीज कायद्याच्या 72-ड या कलमात दोन पळवाटा होत्या. राखीव खात्याची मागणी नाकारली गेली तर ‘हा खर्च माझी जबाबदारी पार पाडण्यास आवश्यक आहे’ असे प्रमाणपत्र देऊन गव्हर्नर ती मंजूर झाल्याप्रमाणे वागू शकत असे. आणि निकडीच्या प्रसंगी प्रांताच्या शांततेसाठी किंवा कोणतेही खाते चालू ठेवण्यासाठी लागेल तेवढा खर्च स्वतःच्या अधिकारात करण्याची मुभाही त्याला होती. म्हणजे मार्चअखेरच्या मुदतीत कौन्सिलने ‘नाही’ म्हटले तरी एप्रिलच्या पहिल्या तारखेला सरकारचा पैसा थांबणार नाही, याची तजवीज कायदा करणाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती.

असे असताना कौन्सिलात जाऊन अर्थसंकल्प अडविण्याचा डाव स्वराज्य पक्षाने का मांडला, याचे उत्तर आधीच्या चार वर्षांच्या घडामोडींत आहे. 1920 च्या डिसेंबरात नागपूरलाच भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले आणि कौन्सिलांवरील बहिष्कार हा त्या कार्यक्रमाचा एक भाग होता. 1922 च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर गांधीजींनी सत्याग्रह थांबविला, मार्चमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि आता पुढे काय, या प्रश्नावर काँग्रेसमध्ये फेरवादी व नाफेरवादी असे दोन तट पडले. बहिष्कारात फेर करून कौन्सिलांत शिरावे आणि आतून सरकारची अडवणूक करावी, असे म्हणणाऱ्या चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनी 1923 च्या प्रारंभी स्वराज्य पक्ष काढला. महाराष्ट्रात व नागपूर-वऱ्हाडात हा विचार आधीपासून रुजलेला होता, कारण येथील पुढाऱ्यांची मोठी फळी टिळकांच्या तालमीत तयार झालेली होती आणि कौन्सिलबहिष्कार तिला कधीच मनापासून पटला नव्हता. त्याच वर्षी उन्हाळ्यापासून ऑगस्टपर्यंत नागपुरात झेंडा सत्याग्रह चालला, प्रांताबाहेरून आलेल्या स्वयंसेवकांनी तुरुंग भरले, आणि दिल्लीत व्हाइसरॉयने मिठावरील कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचा निर्णय कायदेमंडळाच्या विरोधाला न जुमानता आपल्या प्रमाणपत्राने अमलात आणला. मिठाचा कर गावोगावच्या चुलीपर्यंत पोचणारा असल्याने, लोकप्रतिनिधींच्या मताला किती किंमत आहे, हे निवडणुकीआधीच सर्वांना दिसून चुकले होते.

1923 च्या नोव्हेंबरातील निवडणुकीत स्वराज्य पक्षाला हिंदुस्थानात इतरत्र कोठेही न मिळालेले यश मध्य प्रांतात मिळाले: कायदेमंडळात त्याचे निर्विवाद बहुमत झाले. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे, बिलासपूरचे राघवेंद्र राव, डॉ. नारायण भास्कर खरे अशी मंडळी एकाच बाकावर आली. हा कौल सर्व जनतेचा होता असे मात्र म्हणता येत नाही. मताधिकार सारा, कर किंवा मालमत्ता यांवर बेतलेला होता. मध्य प्रांतात स्त्रियांना तो अद्याप मिळालेला नव्हता. धानाच्या बांधीत राबणारा मजूर किंवा विडी वळणारा कामगार मतदारयादीत नव्हता. ज्यांना मत होते त्यांत मालगुजार, वकील, व्यापारी व बरे शेतकरी होते, म्हणजे सरकारशी जमवून घेण्यात ज्यांचा फायदा होता असाच हा वर्ग होता. अशा वर्गानेसुद्धा अडवणुकीच्या पक्षाला मते द्यावीत, यातच या निवडणुकीचे खरे महत्त्व आहे.

गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी बहुमताच्या पक्षाला मंत्रिपदे देऊ केली, परंतु पद स्वीकारायचे नाही हा पक्षाचा ठराव असल्याने ती नाकारली गेली, आणि शंकरराव चिटणवीस व सय्यद हिफाजत अली यांची मंत्री म्हणून नेमणूक झाली. 1924 च्या जानेवारीत कायदेमंडळ भरताच या मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव संमत झाला. मंत्र्यांनी राजीनामे दिले नाहीत, कारण अविश्वासाच्या ठरावाने मंत्र्याने गेलेच पाहिजे असे कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. तेव्हा अर्थसंकल्पाचे अधिवेशन हीच खरी परीक्षा ठरणार, हे दोन्ही बाजूंनी ओळखले.

मार्चमध्ये 1924-25 चा अर्थसंकल्प कौन्सिलपुढे आला आणि एकामागून एक मागण्या मतास टाकल्या गेल्या तेव्हा त्या एकामागून एक नाकारल्या गेल्या. राखीव खात्यांच्या मागण्या गेल्या, तशाच सोपीव खात्यांच्याही गेल्या. शाळांचा पैसा लोकांच्याच कामाचा आहे हा युक्तिवाद सरकारी बाकांवरून झाला तरी स्वराज्य पक्ष हटला नाही, कारण अर्धे सरकार चालवून अर्धे अडविणे म्हणजे द्विदल पद्धती मान्य करणे होय, अशी त्याची धारणा होती. अपवाद केला गेला तो एका मागणीचा, मंत्र्यांच्या पगाराचा, आणि तो पगार वर्षाला 2 रुपये ठरविण्यात आला.

या 2 रुपयांकडे अनेकांनी केवळ टवाळी म्हणून पाहिले आहे आणि ते अन्यायाचे आहे. कायद्यातील शब्द असे होते की कायदेमंडळाने मतदानाने कमी पगार ठरविला नसेल तर मंत्र्याला कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतका पगार द्यावा. पगाराची मागणी सरसकट फेटाळली असती तर ‘कमी पगार ठरविलेलाच नाही, सबब पूर्ण पगार देणे भाग आहे’ असा अर्थ काढण्यास सरकारला वाव राहिला असता. 2 रुपये ठरविल्याने ती वाट बंद झाली, आणि गव्हर्नरचे प्रमाणपत्रही येथे उपयोगी पडेना, कारण ते फक्त राखीव खात्यांपुरते होते. मुंजे, राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायद्याचे कलम नीट वाचले होते आणि ज्या एकाच जागी कायदेमंडळाचा शब्द अखेरचा होता त्या जागी त्यांनी नेमका घाव घातला होता. मार्च संपता संपता दोन्ही मंत्र्यांनी राजीनामे दिले.

1 एप्रिल उजाडला आणि सरकार चालूच राहिले. राखीव खात्यांचा नाकारलेला खर्च गव्हर्नरने प्रमाणपत्र देऊन पुन्हा मंजूर केला, सोपीव खाती स्वतःच्या हाती घेतली आणि ती चालू ठेवण्यापुरता खर्च निकडीच्या अधिकारात करण्यास परवानगी दिली. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कायद्याने गव्हर्नरला खाते ‘चालू ठेवण्याचा’ अधिकार दिला होता, वाढविण्याचा दिला नव्हता. त्यामुळे पगार, निवृत्तिवेतने, चालू शाळा व चालू दवाखाने यांना धक्का लागला नाही, परंतु सोपीव खात्यांतील नव्या कामांना आधार उरला नाही. 1920 च्या मध्य प्रांत स्थानिक स्वराज्य कायद्याखालील जिल्हा कौन्सिलांचा संसार मुख्यतः प्रांतिक अनुदानावर चालत असे. म्हणजे अडवणुकीचा भार शेवटी पोलिसांवर किंवा जमाबंदीच्या कचेरीवर पडला नाही. तो शाळा, दवाखाने आणि रस्ते यांच्या वाढीवर पडला. स्वराज्य पक्षाच्या हेतूविषयी पूर्ण आदर बाळगूनही हे मान्य करावे लागते की, ज्या सरकारला मुदतीची भीतीच नाही त्याच्यापुढे मुदतीचे शस्त्र उगारले असता घाव तिसऱ्यावरच बसतो.

तरीही हा प्रयोग निष्फळ ठरला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच मार्चमध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाने वित्त विधेयक फेटाळले आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना तेही प्रमाणपत्राच्या जोरावर अमलात आणावे लागले. बंगालमध्ये मंत्र्यांचे पगार नाकारले गेले. आणि सुधारणांचे काय झाले याची चौकशी करण्यासाठी 1924 मध्येच मुडीमन समिती नेमावी लागली. निवडून आलेल्या सभागृहाने ‘नाही’ म्हटल्यावरही राज्य चालत असेल तर ते सभागृह कशासाठी, हा प्रश्न नागपूरने जगापुढे मांडला, आणि तो इतक्या निखळ स्वरूपात मांडण्याएवढे बहुमत दुसऱ्या कोणत्याही प्रांतापाशी नव्हते.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती उताराची आहे. सतत नकार देत राहण्याने हाती काही पडत नाही, अशी भावना पक्षातच वाढली. 1925 च्या ऑक्टोबरात कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचेच सभासद श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली आणि पक्षात उभी फूट पडली. मुंजे, नरसिंह चिंतामण केळकर व मुकुंदराव जयकर यांनी टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेच्या, म्हणजे सरकार देईल त्या प्रमाणात सहकार्य करण्याच्या, धोरणाकडे वळून वेगळी चूल मांडली, आणि 1926 च्या निवडणुकीनंतर प्रांतात पुन्हा मंत्री आले. त्यांतील एक राघवेंद्र राव होते.

1935 च्या कायद्याने द्विदल पद्धती प्रांतांतून गेली, परंतु ‘विशेष जबाबदारी’च्या नावाखाली नाकारलेली रक्कम पूर्ववत करण्याचा गव्हर्नरचा अधिकार राहिलाच. तो 1947 मध्ये स्वातंत्र्याबरोबरच गेला, आणि 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली. राज्यघटनेच्या कलम 202 प्रमाणे दरवर्षीचे वित्तीय विवरणपत्र विधानमंडळापुढे ठेवावे लागते, कलम 203 प्रमाणे मागण्यांवर विधानसभा मत देते, आणि कलम 204 प्रमाणे विनियोजन विधेयक, म्हणजे राज्याच्या संचित निधीतून पैसा काढण्यास परवानगी देणारा कायदा, संमत झाल्यावाचून एक पैसाही खर्च करता येत नाही. प्रमाणपत्राला घटनेने वाटच ठेवली नाही. मात्र 31 मार्चपूर्वी सर्व मागण्यांवर चर्चा पुरी होणे शक्य नसेल तर काय करावे, याची सोय कलम 206 मध्ये आहे: काही महिन्यांपुरता आगाऊ खर्च मंजूर करून घेता येतो आणि त्याला लेखानुदान म्हणतात. 1924 मध्ये मुदतीचा पेच गव्हर्नरने सोडविला; 1950 नंतर तो सोडविण्याचा अधिकार खुद्द सभागृहाकडे आला. या दोहोंमधील अंतर हेच स्वातंत्र्याचे एक मोजमाप होय.

भंडारा जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आला; अर्थसंकल्पाचे सभागृह 1956 मध्येच नागपूरहून मुंबईला गेले. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी व वर्षातून एक अधिवेशन नागपुरात देण्याचे मान्य झाले होते, पण ते अधिवेशन हिवाळ्यात भरते. तेथे पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ अर्थसंकल्पात न पुरलेल्या खर्चाच्या मागण्या येतात, आणि मूळ अर्थसंकल्प मात्र मार्चमध्ये मुंबईतच संमत होतो. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासातील थकबाकी, 3,186.78 कोटी व त्यांतील विदर्भाचा 1,246.55 कोटी रुपये दाखविला, घटनेच्या कलम 371 (2) खाली 1994 मध्ये विकास मंडळे स्थापन झाली, आणि निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांकडे आली. या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.

आज मुदतीचे काटेकोर बंधन सर्वांत जवळून जाणवते ते जिल्हा परिषदेत. 1948 च्या कायद्याने तहसीलवार निर्माण झालेल्या जनपद सभांची जागा 1962 मध्ये जिल्हा परिषदांनी घेतली, आणि 1961 च्या अधिनियमाप्रमाणे जिल्हा परिषदेने आपला अर्थसंकल्प 27 मार्चपूर्वी मंजूर करावयाचा असतो. तारीख ठरलेली आहे. चर्चा किती दिवस झाली पाहिजे हे मात्र ठरलेले नाही. विधानसभेतही चर्चेचा वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकत्रच मताला टाकल्या जातात. कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी उशिराचा दंड आमदारांच्या खिशावर बसविला, परंतु घाईने मंजूर झालेल्या अर्थसंकल्पाला दंड तेथेही नाही. मुदत पाळली जावी हे योग्यच आहे. पण ज्यांच्यासाठी पैसा खर्चावयाचा त्यांचे प्रतिनिधी सभागृहात बसलेले नसतील किंवा त्यांना बोलायला वेळ नसेल, तर मुदत पाळूनही 1924 च्या मागणीला न्याय मिळत नाही.

गोंदिया जिल्हा परिषदेच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले आहे. तिच्या 53 सदस्यांची मुदत जुलै 2020 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. 21 डिसेंबर 2021 व 18 जानेवारी 2022 अशा दोन टप्प्यांत निवडणूक होईपर्यंत सभागृह रिकामे होते, आणि 2021 च्या मार्चमधील अर्थसंकल्पावर मत देण्यास आठही तालुक्यांतला एकही निवडून आलेला सदस्य नव्हता.